‘काकू, आज स्पेशल काय?’ – धाबेवाल्यांनी रानातल्या मांसाला नाही कसं म्हणायचं

हुरड्याचे दिवस लागले की आमच्या खानावळीच्या फोनवर ठरलेलं बोलणं सुरू होतं. “काकू, पंधरा जण येतोय. मटण नेहमीचंच ठेवा, पण जरा स्पेशल काही जमतंय का बघा की.” स्पेशल म्हणजे ससा, तितर, नाहीतर कुणाच्या तरी उसातलं रानडुक्कर. बोलणारा नाव घेत नाही, आपण ओळखावं अशी त्याची अपेक्षा असते.

सोलापुरातून बार्शीकडं निघालं की नान्नजच्या अलीकडं आमची खानावळ आहे. या रस्त्याला, अक्कलकोट रोडला, मंगळवेढ्याच्या बाजूला नवे धाबे आणि हुरडा पार्टीची शेतं बरीच झालीत. चालवणारी पोरं कष्टाळू आहेत, पण कायदा म्हटला की त्यांना फक्त फूड लायसन आणि दारूचा परवाना आठवतो. त्यांच्यासाठी हे लिहितेय. कलमांचे आकडे माझ्या पुतणीनं तपासून दिलेत, ती सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. गिऱ्हाईक आणि माल आणून देणारा यांच्याशी कसं बोलायचं, ते मात्र माझं.

पहिलं म्हणजे, “मी कुठं शिकार केली?” हे वाक्य डोक्यातून काढून टाका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ नं शिकार बंद केलीय, हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्या धंद्याला लागतं ते कलम ४४. परवान्याशिवाय वन्य प्राण्याच्या मांसाचा व्यापार करायचा नाही आणि खाद्यगृहात ते शिजवायचं किंवा वाढायचंही नाही, असं त्यात सरळ लिहिलंय. शिकार करणारा कोण, कुठल्या गावचा, याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. पातेलं तुमच्या चुलीवर होतं, एवढं पुरतं.

“आम्ही विकत नाही, मटणाच्या ताटावर एक वाटी फुकट देतो,” असं एकानं मला मोठ्या हुशारीनं सांगितलं होतं. कायदा लिहिणाऱ्यांनी ही हुशारी आधीच ओळखलेली आहे. पैसे घेऊन जिथं खायला मिळतं ती जागा खाद्यगृह, मग त्या पदार्थाचे पैसे वेगळे लावा नाहीतर राहण्या-जेवणाच्या एकत्र बिलात धरा. म्हणजे माणशी अमुक रुपये घेऊन हुरडा, जेवण आणि बैलगाडीची फेरी देणारं शेतसुद्धा यात आलं. मांसाची व्याख्याही तशीच ऐसपैस आहे: कच्चं असो की शिजवलेलं, कातडीसकट असो की सोललेलं, शिवाय रक्त, हाडं, चरबी, अंडी, कवच. तितराची अंडी उकडून ठेवलीत तरी ते मांसच.

“मग परवाना काढतो की,” असंही कुणी म्हणेल. परवान्याची वाट कायद्यात लिहिलेली आहे, पण त्या वाटेनं जाऊन करणार काय? १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवाने संपले. माझ्या सासऱ्यांच्या वेळी वेगळं होतं. तेव्हा मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, मोठी शिकार, छोटी शिकार असे परवाने मिळायचे, बंदुकीवाले पाटील जीपमधून माळावर यायचे. १९७२ नंतरही काही वर्षं परवान्यावर शिकार चालायची. आज रानातून कायदेशीर मांस येण्याचा रस्ताच उरलेला नाही, त्यामुळं “आमच्याकडं परवान्याचा माल आहे” म्हणणारा सरळ थाप मारतोय असं समजा.

आपल्या माळावरचं काय काय यात येतं

२०२२ ला कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. आधी सहा अनुसूच्या, म्हणजे याद्या, होत्या, आता चार. प्राण्यांसाठी आपण दोनच लक्षात ठेवायच्या. काळवीट, चिंकारा, मोर-लांडोर, घोरपड, खवल्या मांजर, माळढोक हे अनुसूची १ मध्ये. ससा आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये. तितर, रानातली लावरी, पोपट ही पाखरंही संरक्षित यादीत आहेत. भीमेच्या आणि उजनीच्या पाण्यातली मासळी तुम्ही रोज घेता, पण जाळ्यात आलेलं कासव कुणी मासळीबरोबर देऊ केलं तर ते घ्यायचं नाही.

अनुसूची १ च्या प्राण्याचं मांस सापडलं तर कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि दंड २५ हजारांच्या खाली नाही. या कायद्याखाली आधी एकदा शिक्षा झालेली असेल तर जामीनही सहज मिळत नाही, सरकारी वकिलाचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्ट सोडत नाही. ससा-रानडुकरासारख्या बाकीच्यांना ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा दंड पूर्वी २५ हजारांपर्यंत होता. काही प्रकरणं पैसे भरून मिटवता येतात, पण ती रक्कमही आता ५ लाखांपर्यंत जाऊ शकते आणि अनुसूची १ ला ही सोय नाही. सशाच्या एका हंडीतून किती सुटतात, ते मनाशी मांडून बघा.

खाणाऱ्यांनाही हे ऐकवत जा. कलम ४९ प्रमाणं अधिकार नसलेल्या माणसाकडून वन्य प्राणी किंवा त्याचं मांस विकत घेणं, स्वीकारणं हाही गुन्हा आहे. “आम्ही फक्त खाल्लं” म्हणणारे पंधरा जण पंचनाम्याच्या वेळी ताटावर बसलेले असतात.

मागच्या दारानं येणारा

पहाटे दूधवाल्याच्या आगेमागे मोटारसायकल येते. हँडलला गोणपाटाची पिशवी. तोंड उघडून दाखवली की आत पाय बांधलेली तितरं असतात, कधी जिवंत, कधी मान मुरगळलेली, पिसं दवानं भिजलेली. “गरम आहेत काकू, रात्रीच काढलीत.” भाव गावठी कोंबडीपेक्षा कमी सांगतो, कारण उजाडायच्या आत त्याला मोकळं व्हायचं असतं.

इथं करायचं ते एवढंच. पिशवीला हात लावायचा नाही. “ठेवा, मालक आल्यावर बघू” असं बोलायचं नाही. एकदा वस्तू तुमच्या ताब्यात आली की ती बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, कलम ५७ तसंच म्हणतं. अशी वस्तू कशाही मार्गानं हातात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. फ्रीजरमध्ये टाकून विसरलेली पिशवी हे सगळ्यात वाईट. मी एकच वाक्य बोलते: “दादा, आपल्याकडं हे चालत नाही, परत दाखवायलाही आणू नका.” कारण सांगत बसत नाही. कारण सांगितलं की घासाघीस सुरू होते.

तुमच्या आचाऱ्यालाही हेच पाठ करून घ्या. बहुतेक वेळा माल मालकाच्या पाठीमागं आचारीच घेतो, स्वतःच्या जेवणासाठी म्हणून, आणि कढई मात्र तुमची असते. आमच्याकडं फ्रीजर रोज रात्री मी स्वतः उघडून बघते आणि ज्या पिशवीवर तारीख आणि दुकान लिहिलेलं नाही ती बाहेर काढते.

हे सगळं पारध्यांवर ढकलायची एक सवय आपल्याला आहे, ती मला पटत नाही. सोलापूरला सेटलमेंट नावाची वस्तीच आहे. ज्या कायद्यानं जमातीच्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवलं, तो ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, पण लोकांच्या तोंडातून गेला नाही. माझ्या दारात पिशवी घेऊन आलेल्यांत चांगली बागायत असलेल्या घरची पोरंही आहेत, टॉर्च आणि गाडी घेऊन रात्रीची मजा म्हणून माळावर फिरणारी. आणि फास लावणारा कुणीही असो, सकाळी रोख पैसे मोजणारा धाबा नसेल तर तो चार तितरांचं करणार काय? म्हणून मला कलम ४४ जास्त कामाचं वाटतं. कुणाच्या तरी रानात रात्री काय घडलं ते शोधण्यापेक्षा दुकान बंद ठेवणं सोपं.

आमच्याकडं जेवायला येणारे एक साहेब आहेत, त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. ते नेहमी म्हणतात, तिकडं हरीण मारायला सरकार परवाना देतं, आपल्याकडंच सगळी बंधनं. परवाना देतं हे खरं, पण रानात मारलेलं हरीण हॉटेलला विकायला तिथंही मनाई आहे. हॉटेलात जे हरणाचं मांस मिळतं ते फार्मवर पाळलेल्यांचं. बाजारासाठी बंदुका चालवून त्यांनी प्रवासी कबुतरांचे आभाळ झाकणारे थवे संपवले. त्यातलं शेवटचं पाखरू १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. त्याआधी १९०० मध्ये चोरट्या शिकारीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध लेसी कायदा झाला होता, कबुतरांना त्याचा उपयोग झाला नाही. साहेबांना हे सांगितल्यावर त्यांनी रस्सा मागवला आणि विषय बदलला. आपल्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आता तिथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

पुढच्या दारानं येणारा

खरी कसोटी गिऱ्हाईकाची. ओळखीचा असतो, बरोबर चार पाहुणे असतात, त्यांच्यासमोर त्याला वजन दाखवायचं असतं. त्याला कायदा ऐकवला तर तो दुखावतो आणि पुढच्या धाब्यावर जातो. मी असं करते:

“काकू, मोकळ्या रानातलं काही?”
“आहे की अण्णा. मोकळ्या रानात चरलेलं बोकड आहे, सकाळीच कापलंय. चुलीवरचं काळं मटण आणि कडक भाकरी.”
“तसं नव्हे हो.”
“तसलं आपल्याकडं नसतंच. बटेर हवी तर सांगा, फार्मची आहे, बिल दाखवते.”

हसत बोलायचं आणि लगेच पाणी ठेवायचं. बहुतेक जण बसतात. जो उठून जातो, त्याला जाऊ द्यायचं.

याहून अवघड तो, जो स्वतःचा माल घेऊन येतो. आपल्याकडं ही पद्धतच आहे: लोक मटण आणतात, मासे आणतात, आपण मसाला लावून भाकरीबरोबर करून द्यायचं आणि करणावळ घ्यायची. धंदा चांगला आहे, मीही करते. पण कायद्यात ‘शिजवणं’ हा शब्द वेगळा लिहिलेला आहे. मांस कुणाचं का असेना, शिजवलं तुम्ही. म्हणून आमच्याकडं नियम असा की आणलेली पिशवी गिऱ्हाईकासमोर ओट्यावर उघडायची, आधीच तुकडे करून मसाला लावून आणलेलं घ्यायचं नाही.

उघडल्यावर काय बघायचं? सशाचं मांस गडद लाल, काळपट म्हणावं इतकं, आणि मागचे पाय लांब, चिवट. फार्मचा पांढरा ससा फिकट गुलाबी, कोंबडीच्या जवळ जाणारा. पाखरांचं आणखी सोपं. फार्मची बटेर तळहातात मावते, सोललेली असली तर चरबी दिसते. तितर मोठं, आणि नर असेल तर पायाला मागच्या बाजूला कोंबड्यासारखी टोकदार आर असते. बटेरीला ती नसते. पाय छाटून आणलेली पाखरं असतील तर मी सरळ परत करते, पाय का छाटले ते विचारतही नाही. आणि हे फक्त आपल्या डोळ्यांपुरतं. खटल्यात हैदराबादच्या सीसीएमबीसारख्या प्रयोगशाळा शिजलेल्या तुकड्याच्या डीएनएवरूनसुद्धा प्राणी कोणता ते सांगतात, तेव्हा मसाल्यात सगळं झाकलं जातं या भ्रमात राहू नका.

काय विकता येतं

बोकड, मेंढी, कोंबडी आहेच. वेगळं काही द्यायचं असेल तर जपानी बटेर, टर्की, गिनी फाऊल, बदक, फार्मचा ससा. अट एकच, माल फार्मवरून घ्यायचा आणि प्रत्येक खेपेचं बिल घ्यायचं. बिलावर पक्ष्याचं नाव, नग, तारीख आणि फार्मचा पत्ता हवा. आमची बिलं गल्ल्याखालच्या फाईलला लावलेली असतात, घरी नेत नाही. तपासणी दुपारी दोनला आली तर घरी ठेवलेल्या बिलाचा उपयोग नाही. सशाच्या बाबतीत तर मी म्हणेन, भानगडच नको. फार्मचा पांढरा ससा या कायद्यात येत नाही हे खरं, पण पाटीवर ‘ससा’ वाचून येणारा गिऱ्हाईक कुठला ससा मनात धरून येतो, ते आपल्याला माहीत असतं.

पाटीचंच सांगते. कित्येक जण बटेर विकतात आणि बोर्डावर ‘तितर-बटेर’ लिहितात, कारण ते जिभेवर बसलेलं आहे. काही जण ‘जंगली’, ‘शिकार स्पेशल’ असलं रंगवून घेतात, वर काळविटाचं चित्र. आत फार्मचा माल आणि बाहेर गुन्ह्याची जाहिरात. कुणी त्या पाटीचा फोटो काढून वनविभागाला पाठवला तर तपासणी होणारच, आणि त्या दिवशीचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. जे आहे ते लिहा: ‘फार्मची बटेर’. इन्स्टाग्रामच्या रीलमध्येही तेच बोला.

रानडुकराची गोष्ट

इथं शेतकऱ्याचं दुःख खरं आहे, म्हणून जरा थांबते. मका आणि भुईमूग एका रात्रीत लोळवतात, उसात तळ देऊन राहतात. त्यामुळं “आमच्या पिकाचं खाऊन माजलेलं आहे, मारलं तर काय बिघडलं” हे मला कळतं. कलम ११ प्रमाणं पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्याला मारायची लेखी परवानगी अधिकारी देऊ शकतात. मात्र परवानगीनं मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता असतं, मारणाऱ्याची नाही, हे कलम ३९ सांगतं. ते वनविभागाच्या ताब्यात द्यायचं. त्याचे वाटे घालता येत नाहीत आणि धाब्यावर तर आणताच येत नाही. परवानगीचा कागद दाखवून कुणी मांस विकायला आला तर त्याला सांगा की हा कागद मारण्यापुरता आहे. शेतकरी ओळखीचा असेल तर नुकसानीचे फोटो काढून लगेच वनरक्षकाला बोलवून पंचनामा करायला लावा, भरपाईचा अर्ज त्यावर उभा राहतो. विजेची तार सोडणाऱ्याला तर आधी थांबवा, त्यात माणसं मेलीत.

रस्त्यावर मेलेलं

आमच्या रस्त्याला रात्री गाडीखाली ससा येतो, कधी काळवीट. ड्रायव्हर उचलून डिकीत टाकतो आणि धाब्यावर आणतो: “मेलेलंच आहे काकू, कुणी मारलं नाही.” मेलेला सापडलेला आणि चुकून मेलेला, दोन्ही कलम ३९ मध्ये नावानं घातलेले आहेत. तोही सरकारचा. डिकीत टाकला की गाडीसुद्धा जप्त होऊ शकते, हे सांगितलं की ड्रायव्हर सुधारतो. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. जागा सांगायची, शक्य असेल तर फोटो काढायचा, प्राणी हलवायचा नाही. जखमी असेल तर कुत्री येऊ नयेत म्हणून लांबून उभं राहायचं. पाणी पाजायला, मांडीवर घ्यायला जाऊ नका. काळविटाचं शिंग पोटात घुसतं.

तपासणी आली तर

वनाधिकारी किंवा फौजदार आणि त्यावरचे पोलीस अधिकारी कलम ५० प्रमाणं झडती घेऊ शकतात. अडवायचं नाही, मागच्या दारानं कुणाला पळवायचं नाही. फ्रीजर, भांडी, कचऱ्याचा डबा ते बघतात. पिसं आणि कातडी कचऱ्यातच सापडतात, म्हणून बटेरीची पिसंही मी वेगळ्या पिशवीत, त्याच दिवशीच्या बिलाच्या झेरॉक्सबरोबर ठेवते. पंचनामा पूर्ण वाचून मगच सही करा. नमुना घेतला तर तो तुमच्यासमोर सील होतोय ना, ते बघा. तिथंच ‘मिटवून टाकू’ म्हणणारा मध्यस्थ उगवतो, त्याच्याशी बोलू नका. कायदेशीर मिटवणीला पावती असते. वकिलाला फोन करा आणि बिलांची फाईल पुढं ठेवा.

राहिली सजावट. जुन्या वाड्यातली काळविटाची शिंगं धाब्याच्या भिंतीवर लावायची हौस पुष्कळांना असते. आजोबांची असली तरी ती बाळगायला नोंदणी किंवा मालकीचा दाखला लागतो. घरात कागद नसेल तर आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि तोवर ती टांगू नका. विकत तर मुळीच घेऊ नका. मोरपीस मात्र चालतं, मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्यानं सूट दिली आहे. पंढरपुरात वासुदेवाच्या टोपीसाठी विकायला असतात तसली गळलेली पिसं घ्या. बुडाशी रक्त किंवा मांस चिकटलेलं दिसलं तर ते उपटलेलं असतं, ते तिथंच ठेवा.